अक्काची भाषा साफ झाली ते वर्ष

बंगळुरात, चामराजपेटेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलला नवा रंग दिला आहे. फिका हिरवा, दवाखान्यात असतो तसा. पूजेला नेलेली मोठी पातेली परत करायला मी गेले आणि दारातच थांबले, कारण नव्या रंगाच्या खाली जुना वास तसाच होता. ओल्या भिंतीचा, कापराचा, शेजारच्या दुकानात दिवसभर भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा, आणि हातांना गंज लावणाऱ्या घडीच्या खुर्च्यांचा. स्टेजचा तपकिरी पडदाही तोच. त्याच्या डाव्या बाजूला विंगेत एक स्टूल असायचं. आठवीत असताना एका गणपतीत मी त्या स्टुलावर बसून नाटकाचं प्रॉम्प्टिंग केलं होतं.

"स्वल्प बाजूला हो गं, खुर्च्या आणतायत," मागून कोणीतरी म्हणालं.

वळून पाहिलं तर मेधाताई. केस पांढरे झालेत, चष्म्याला दोरी आलीय. त्यांनी मला ओळखलं, जवळ घेतलं, आणि खुर्च्या आणणाऱ्याला "सरी सरी, इथेच ठेवा" म्हणून सांगितलं. आपण काय बोललो याचा त्यांना पत्ताही नव्हता. स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडं. या शहरात रिक्षावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो हा शब्द. माझ्या आत्याच्या तोंडातून तो काढायला याच बाईंनी एक अख्खा श्रावण खर्च केला होता.

मी सहसा बोलत नाही. पातेली मोजून कपाटात ठेवली आणि विंगेत जाऊन उभी राहिले. स्टूल नव्हतं. तिथे आता पाण्याचा कूलर आहे.

आत्याला मी अक्का म्हणायचे, कारण अण्णा, म्हणजे माझे वडील, तिला अक्का म्हणायचे, आणि त्यांचं ऐकून सगळी गल्लीच म्हणायची. तिने लग्न केलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायची, आणि संध्याकाळी घरी आली की त्याच्या पट्टीचा दाब तिच्या केसांत अजून दिसत असायचा. इस्त्रीच्या साडीचा, मोगऱ्याचा आणि कॉफीचा मिळून एक वास होता तिला. दार उघडायच्या आधी तो जिन्यात यायचा, आणि त्याच्यापाठोपाठ आवाज. "पुट्टी, ऊट झालं का गं? सुम्ने पुस्तकात डोकं घालून बसू नको, उपाशी पोटी अक्षरं शिरत नाहीत."

पुट्टी म्हणजे छोटी. सुम्ने म्हणजे उगीच. ऊट म्हणजे जेवण. हे अर्थ मी इथे देते आहे, तेव्हा कोणी द्यायचं नाही. आमच्या घरात मराठी अशीच होती. पणजोबांच्या आधीपासून आम्ही या शहरात, आणि भाषेला शेजार लागला तो लागलाच. पुण्याची माणसं भात खाऊन टाकतात, आम्ही खाऊन सोडायचो. ती काम करून टाकतात, आम्ही करून सोडायचो. यात काही वेगळं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मला फक्त एवढं ठाऊक होतं की शाळेत यातलं काहीही बोलायचं नाही. आमच्या इंग्रजी शाळेत घरची भाषा बोलताना सापडलेल्या मुलीच्या गळ्यात एक लाकडी पाटी अडकवत, आणि ती पाटी दुसरी मुलगी सापडेपर्यंत उतरत नसे. मी एकदाच घातली. नंतर बोलायचंच कमी केलं. ते सोपं होतं.

वर्षभर हेडफोनमध्ये "लाईनवर राहा" म्हणणाऱ्या अक्काला वर्षातून एक संध्याकाळ मिळायची. गणपतीतलं नाटक. जुन्या घरांतली सात-आठ माणसं ते करायची आणि त्यात मुख्य काम अक्काचं असायचं. हे कधी ठरवावं लागत नसे. नाटक लिहिलेलंही नसायचं. अण्णा आणि त्यांचे मित्र गोष्ट ठरवायचे, बाकीचं ज्याने त्याने स्टेजवर बोलायचं. तालमीला कोणीतरी चित्रान्नाचा, म्हणजे लिंबू पिळलेल्या फोडणीच्या भाताचा, डबा आणायचं. लिंबाचा, शेंगदाण्याचा, कढीपत्त्याचा तो पिवळा वास अजूनही मला नाटकाचाच वास वाटतो. एका वर्षी अक्का सासू होती आणि घरी बसलेल्या जावयाला म्हणाली, "जावईबापू, सुम्ने बसून बसून खुर्चीला मूळ फुटलं की हो. स्वल्प उठा, पाणी तरी घालते." लोक इतके हसले की जावई झालेले बँकेतले काका पुढचं विसरले. आमच्या गल्लीतले कन्नड शेजारीसुद्धा सहकुटुंब यायचे आणि आमच्याबरोबर, त्याच जागी हसायचे. पुढचा महिनाभर भाजीवालासुद्धा अक्काला सासूबाई म्हणायचा. त्या दिवसांत अक्का जिना चढताना गुणगुणायची.

मग पुण्या-मुंबईची माणसं आली. कॉम्प्युटर कंपन्यांतली, जयनगरला नवीन फ्लॅट घेतलेली. मंडळ एकाएकी भरलं. खुर्च्या कमी पडायला लागल्या, जमाखर्च टाइप होऊन यायला लागला. त्यांच्यातल्या मेधाताई म्हणजे कामाचा डोंगर. पडदे धुवायच्या, मुलांना श्लोक शिकवायच्या, कोणी आजारी पडलं तर डबा पोचवायच्या. वाईट असत्या तर किती बरं झालं असतं. त्यांनी ठरवलं, या वर्षी नीट लिहिलेलं नाटक बसवायचं आणि महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांच्या स्पर्धेत उतरायचं. पुण्याहून परीक्षक येणार होते. नाटकात पुण्यातली एक खडूस घरमालकीण होती, तीच मुख्य, आणि तिची एक मोलकरीण.

पहिल्या वाचनाला मी अण्णांबरोबर गेले होते, कोपऱ्यात बसले होते. अक्काने घरमालकिणीची दोन पानं वाचली. मेधाताई डोळे मिटून ऐकत होत्या.

"सुमतीताई," त्या म्हणाल्या. अक्काने आधी मागे पाहिलं. तिला तिच्या नावाने कोणी हाक मारत नसे.

"अक्का म्हणा की, मेधक्का," अक्का म्हणाली. "सुमती म्हटलं की ऑफिसातून मेमो आल्यासारखं वाटतंय."

"मेधाताई," मेधाताई हसून म्हणाल्या. "सुमतीताई, ॲक्च्युअली तुमचा टोन इतका नॅचरल आहे, तुमच्यासारखं टायमिंग इथे कोणाचंच नाही. फक्त भाषेवर वर्क करावं लागेल. सदाशिव पेठेतली बाई स्वल्प म्हणणार नाही ना. कन्नड शब्द, तो हेल, ते सोडणं-बिडणं, सगळं साफ करायचं. झालं तर काम तुमचंच. नाहीतर मोलकरणीचं आहे. त्यात तुमची भाषा आहे तशी चालून जाईल. उलट लोक हसतील."

बँकेतले काका खाली बघत होते. अण्णांनी पान उलटलं. अक्का ज्या वाक्यांवर वीस वर्षं घरमालकिणी, सासवा आणि राण्या झाली होती, ती वाक्यं आता मोलकरणीची आहेत हे तिला पहिल्यांदा कोणी सांगितलं होतं, आणि तेही कौतुक करता करता.

"इंग्लिश शब्द चालतात का?" अक्काने विचारलं.

"ते काय हो, सगळेच वापरतात. ते नाही खटकत."

"सरी," अक्का म्हणाली. मग जीभ चावून, "बरं."

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. फूलबाजाराशी रिक्षा अडकली आणि ओल्या पानांचा, सडलेल्या झेंडूचा वास आत आला. "मोलकरीण मी करणार नाही," ती अण्णांना म्हणाली. "एवढी वर्षं करून आता मोलकरीण केली तर पुढल्या वर्षी झाडूच हातात देतील. मी साफ करून सोडते बघ. काय तोंदरे आहे त्यात?" तोंदरे म्हणजे त्रास. एका वाक्यात किती साफ करायचं होतं ते तिला कळलं असावं, कारण नंतर घर येईपर्यंत ती तेच वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत होती.

आता साफ करायचं तर शिकवणार कोण? आमच्या घरच्यांनी जे केलं ते आमच्यासारखी माणसंच करू शकतात. त्यांनी मला नेमलं. पोरगी इंग्रजी शाळेत जाते, म्हणजे तिला सगळंच शुद्ध येणार. शुद्ध म्हणजे जे शाळेत मिळतं ते, मग भाषा कुठलीही असो. मला देवनागरी येत होती ती हिंदीच्या तासामुळे. मराठीचं एक पुस्तक मी आयुष्यात वाचलं नव्हतं. मी हे सांगायचा प्रयत्न केला. अण्णा म्हणाले, "विनय चांगला, पण काम कर." मेधाताईंनाही हे पटलं. आवाज नाही फुटत तर प्रॉम्प्टर म्हणूनही हीच बरी, असं त्या म्हणाल्या.

तो श्रावण मला एकाच जागेचा आठवतो. मागच्या गॅलरीतला दगडी कट्टा, खाली शेजाऱ्यांच्या कढीपत्त्याचं झाड, पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरणारी कॉफी. अक्का ड्यूटीवरून येऊन मांडीत फुलं घेऊन बसायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्याने गजरा बांधायची, आणि प्रत्येक शब्द माझ्यासमोर धरायची.

"कनकांबर?"

"मेधाताई अबोली म्हणतात."

"अबोली." तिने ते फूल दोऱ्यात अडकवलं. "कोसंबरी?"

"कोशिंबीर."

"हे बघ, किती जवळ आहे. थोडं घासलं की झालं. तूप?"

"तूप मराठीच आहे, अक्का."

"कसं काय? इथे तुप्प म्हणतात की सगळे."

"मग त्यांनी आपलं घेतलं असेल."

"नाही तर आपण त्यांचं." ती विचारात पडली. "अण्णा कुठला? अक्का कुठली?"

मला माहीत नव्हतं. तिला माहीत नव्हतं. अण्णा म्हणाले, डोकं खाऊ नका. अक्काने संशयाचा फायदा कुठल्याच शब्दाला दिला नाही. पुढचे कित्येक दिवस ती जेवताना तुपाच्या भांड्याकडे बोट दाखवून "ते वाढ" म्हणायची. शेवटी तालमीत तिने मेधाताईंना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "तूप तर आपलंच हो, काहीतरीच काय." फार नंतर, कॉलेजात, एका पुस्तकात मी वाचलं की तूप कन्नडमधून आलं, अडकित्ता तिथूनच आला, आणि अण्णा-अक्कासुद्धा. पुण्याच्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात हे सगळे आधीपासून बसलेले होते. पुस्तक मिटून मी किती तरी वेळ नुसती चिडून बसले होते, आणि चिडायला समोर कोणीच नव्हतं.

तालमीत "एंट्री" होती, "एक्झिट" होती, "इमोशन" होतं, "प्लीज ॲडजस्ट करा" होतं. ते कोणी उचलून बाजूला ठेवत नव्हतं. मेधाताईंच्या प्रत्येक वाक्यात दोन इंग्रजी शब्द असत, आणि त्यालाच शुद्ध मराठी म्हणायचं हे ठरलेलं होतं. शाळेत इंग्रजीच्या मध्ये मराठी आली की गळ्यात पाटी, आणि इथे मराठीच्या मध्ये इंग्रजी आली तर मान वर. मी स्टुलावर बसून हे ऐकायचे आणि पुस्तकाचं पान चुरगाळायचे.

अक्का हुशार होती. तिने हेलसुद्धा काढला. एक्स्चेंजमध्ये निरनिराळ्या गावांचे आवाज ऐकलेला कान होता तिचा. पण बोलण्याआधी ती थांबायला लागली. आधी वाक्य डोळ्यांपुढून जायचं, मग तोंडातून यायचं, आणि मधल्या वेळात त्यातली गंमत उडून गेलेली असायची. भाजीवाल्याशी, शेजारणीशी कन्नड बोलताना ती पूर्वीसारखीच होती. जिना चढून घरात आली की सावध व्हायची.

नाटकाच्या संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. उदबत्तीचा धूर, नव्या साड्यांची खळ, तोंडाला लावलेल्या रंगाचा तेलकट वास. पहिल्या रांगेत परीक्षक, त्यांच्यामागे नवी माणसं, त्यांच्यामागे आमची जुनी घरं आणि कन्नड शेजारी. अक्का आली आणि एकही शब्द न चुकता घरमालकीण झाली. मला एकदाही प्रॉम्प्ट करावं लागलं नाही. मागच्या रांगा हसायला तयार बसल्या होत्या, ते मला विंगेतून दिसत होतं. त्यांची तोंडं हसण्याच्या बेतात अर्धवट उघडी होती. ती तशीच राहिली. पुढच्या रांगा योग्य ठिकाणी हसल्या, टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या अंकाच्या सुमाराला शेजारचे लोक मुलांना उचलून हळूच निघून गेले.

परीक्षक म्हणाले, बंगळुरात इतकं शुद्ध मराठी ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मेधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बक्षीसही मिळालं. घरी आल्यावर अक्काने गजरा काढून खिडकीत ठेवला, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "बाळ, तू जेवलीस का?"

मला वाटलं, अजून नाटकातच आहे. दोन दिवसांत उतरेल. ते उतरलं नाही. पुट्टी म्हणायची ती थांबली. पुढच्या वर्षी तिला विचारायला आले तेव्हा तिने तब्येतीचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी ड्यूटीचं. आम्ही चामराजपेट सोडून जयनगरला आलो. एक्स्चेंजमध्ये यंत्रं आली, ट्रंक कॉल संपले. घरात आता कोणी काही खाऊन सोडत नाही.

आणि परवा हॉलमध्ये मेधाताईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की या गणपतीत जुन्या बंगळुरी मराठीचा कार्यक्रम करायचा आहे. "लुप्त होतीये गं ती भाषा. माझा मुलगा तर इंग्लिशशिवाय बोलत नाही. आपणच प्रिझर्व्ह करायला हवी. मला तुझी अक्काच हवी." अक्का म्हणाल्या त्या, सुमतीताई नाही. माझ्या तोंडात पुष्कळ काही आलं, सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, विचारून सांगते.

त्यांनी तेवढीही वाट पाहिली नाही. रविवारी सकाळी त्या स्वतःच घरी आल्या, छोटा टेपरेकॉर्डर घेऊन. अक्काने कॉफी केली, चकल्या ठेवल्या, चौकशी केली. सगळं सदाशिव पेठेतल्या मराठीत.

"अक्का, आता तुमच्या त्या मराठीत बोला ना. आधी बोलायचात तसं."

"तसं म्हणजे कसं?" अक्काने विचारलं. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

"ते हो, स्वल्प, सुम्ने, ऊट. काहीही सांगा. चित्रान्न कसं करायचं ते सांगा."

अक्काने कप खाली ठेवला. पाठ ताठ केली, पदर सारखा केला, घसा साफ केला. मग बोलायला लागली, आणि तो आवाज मी ओळखला. त्या नाटकातल्या मोलकरणीचा होता तो. जे काम तिने केलं नव्हतं, पण तालमीभर दुसऱ्या बाईच्या तोंडून, लोकांना हसवायला मुद्दाम ताणलेल्या हेलात ऐकलं होतं. प्रत्येक वाक्यात दोन-दोन स्वल्प, जिथे पूर्वी कधी नसत तिथेही. हेल गरजेपेक्षा लांब. पाचव्या-सहाव्या वाक्याला ती अडली, छताकडे पाहिलं, आणि "शेंगदाणे" म्हणून थांबली.

"अगदी हेच हवंय," मेधाताई म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता. टेप बंद करून त्यांनी अक्काला नमस्कार केला. मी चकल्यांची बशी उचलून आत गेले आणि नळ मोठा सोडून उभी राहिले.

त्या गेल्यावर अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली. "कसं झालं?"

"इट वॉज फाइन," मी म्हटलं.

"छे. बरेच शब्द आठवले नाहीत. शेंगदाण्याला आपण काय म्हणायचो, तेसुद्धा नाही." ती खुर्ची ओढून बसली. रागावलेली नव्हती, दुःखीही दिसत नव्हती. काम मिळालेल्या माणसाची काळजी होती चेहऱ्यावर, कित्येक वर्षांनी. "येते म्हणून कळव त्यांना. पण अशी स्टेजवर जाणार नाही मी. तालीम हवी. तुला आठवत असेल ना सगळं? तू गप्प बसून ऐकायचीस."

मला सगळं आठवत होतं. पण शाळेत ती पाटी घातल्यापासून त्यातला एक शब्दही मी मोठ्याने उच्चारला नव्हता. घरात मी बहुतेक इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि ते कोणाला खटकायचं नाही.

"कडलेकायी," मी म्हटलं. हळू, विचित्र आवाजात.

"मोठ्याने," अक्का म्हणाली. तिने हात मांडीवर ठेवले आणि माझ्या ओठांकडे बघत राहिली. "नुसता शब्द नको, वाक्य सांग. तू म्हण, मी मागून म्हणते."